नाना आडवे येतात

बेळगावच्या मराठा सेंटरमध्ये भरती होऊन पेन्शनवर गावी परतलेले फौजी निपाणी-चिकोडीकडे काही कमी नाहीत. त्यांच्या ट्रंकेतल्या कागदांवर कधीकधी चार अक्षरं असतात : ‘एनएएनए’. मराठी कानाला ‘नाना’. पण हे नाना काही मायेचे नव्हेत. आजार नोकरीमुळे झाला नाही, नोकरीने वाढलाही नाही, असा तो मेडिकल बोर्डाचा शेरा. तेवढ्यावर अपंगत्वाची पेन्शन अडते.

धरमवीर सिंग १९८५ साली लष्कराच्या सिग्नल्स कोअरमध्ये भरती झाले. १९९४ मध्ये फिट्सच्या आजारापायी, २० टक्के अपंगत्व लिहून, घरी पाठवले गेले. बोर्डाचं उत्तर तेच. सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ रोजी ते मोडीत काढलं. भरतीच्या तपासणीत आजाराची नोंद नसेल, तर गडी धडधाकट आला असंच धरायचं. आजार तेव्हा कळण्यासारखा नव्हता असं बोर्डाला वाटत असेल, तर त्याने कारणं लिहावीत. सिद्ध करण्याचं ओझं जवानावर नाही. अपिलात म्हणूनच बोर्डाने काय लिहिलं यापेक्षा काय लिहिलं नाही, ते आधी बघावं.

मग टक्क्यांचा हिशेब. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के रक्कम. पगार ४०,००० असेल, तर २० टक्क्यांना २,४०० रुपये. पण २० ते ४९ टक्के अपंगत्व ५० धरलं जातं, म्हणजे ६,०००. मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांनाही हा लाभ राम अवतार खटल्याने डिसेंबर २०१४ मध्ये मिळवून दिला. २१ सप्टेंबर २०२३ पासून घरी आलेल्यांना मात्र नवे नियम लागतात.

पहिलं अपील, दुसरं अपील, तरी नकार आला तर सशस्त्र दल न्यायाधिकरण. इथे महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न पुन्हा भेटतो! माजी सैनिकाला राहत्या ठिकाणच्या खंडपीठाकडे जाता येतं. कागलच्या फौजीला ते मुंबईत, कोगनोळीचा नाका ओलांडून निपाणीत राहणाऱ्याला कोचीत. एकाच पलटणीतले दोघे, एकाच बोर्डासमोर उभे राहिलेले असले तरी.

उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही, थकबाकी बुडू शकते. तरसेम सिंग १९८३ मध्ये घरी आले, कोर्टात गेले १९९९ मध्ये. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली त्यांना मागची थकबाकी दिली ती फक्त तीन वर्षांची.