डोळस सोबती

माघ पौर्णिमा जवळ आली की गोंदिया जिल्ह्यातील दरेकसा स्थानकावर यात्रेकरूंची रीघ लागते. सालेकसा तालुक्यातील कचारगडची डोंगरातील प्रचंड गुहा हे गोंड समाजाचे श्रद्धास्थान. पायथ्याच्या धनेगावाहून तिकडे जाणारी वाट रानातून व खडकांतून चढते. अशा यात्रेत तहानलेल्यांना पाणी देणे, पंगतीत वाढणे, चुकलेल्या मुलाला आईबापांकडे पोचविणे ही स्वयंसेवकांची कामे होत.

या कामासाठी एखादा अंध तरुण पुढे आला तर? लगेच कोणी म्हणेल, "बाबा, तू आपला बैस, तुझीच सेवा कोणीतरी करावयास हवी." बोलणाऱ्याच्या मनात दया असते खरी, पण अंध मनुष्य केवळ घेणारा, देणारा नव्हे, ही समजूतही त्यात असते. ती किती पोकळ आहे हे आपल्या विदर्भानेच पाहिले आहे. अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी येथे १८८१ साली जन्मलेले गुलाबराव महाराज नऊ महिन्यांचे असतानाच दृष्टीला मुकले. ते इतरांकडून ग्रंथ वाचवून घेत, ऐकलेले ध्यानात ठेवीत आणि अवघ्या ३४ वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ रचले. लोक त्यांना 'प्रज्ञाचक्षू' म्हणत.

ज्ञानदानाला डोळ्यांची उणीव आड आली नाही. परंतु जी सेवा हिंडून फिरून करावयाची, तिच्यासाठी पुढची वाट कळावी लागते. महाराज १९१५ साली निवर्तले आणि दुसऱ्याच वर्षी जर्मनीतील ओल्डेनबुर्ग गावी, महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी, वाट दाखविणारे कुत्रे तयार करण्याची शाळा निघाली. पुढे अमेरिकेतील मॉरिस फ्रँक या अंध तरुणाने या कुत्र्यांविषयीचा एक लेख ऐकला. बाहेर पडण्यासाठी दर वेळी दुसऱ्याचा हात धरावा लागतो, हे त्याच्या मनाला फार लागे. १९२८ साली तो स्वित्झर्लंडला गेला आणि 'बडी' नावाची कुत्री घेऊन परतला. न्यूयॉर्कचा अतिशय वर्दळीचा एक रस्ता त्याने वार्ताहरांसमक्ष तिच्या सोबतीने ओलांडला. पुढच्याच वर्षी, इतर अंधांनाही असे कुत्रे मिळावेत म्हणून, 'द सीइंग आय' ही संस्था स्थापन झाली.

कुत्रा मालकाला हवे तेथे आपण होऊन नेतो, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. कोठे जावयाचे, कोठे वळावयाचे, हे माणूस ठरवितो; वाटेतले अडथळे कुत्रा सांभाळतो. त्याच्या अंगावर चामडी साज असतो व त्याला एक ताठ दांडी. ती दांडी हाती धरली की कुत्रा कोठे थबकला, कोणीकडे सरकला, हे माणसाला तत्काळ कळते. पायरी आली की तो थांबतो. काठी जमिनीवरचा धोंडा सांगते, पण कपाळाशी आलेली फांदी सांगत नाही. हा कुत्रा मात्र धन्याची उंची ध्यानात ठेवून तीही चुकवितो. चौकातील तांबडा व हिरवा दिवा त्याला ओळखता येत नाही. वाहनांचा आवाज ऐकून 'चल' म्हणणे हे माणसाचे काम. मात्र आज्ञा झाली आणि समोरून मोटार येत असली, तर तो जागचा हलत नाही. आज्ञा पाळावयास पुष्कळ कुत्री शिकतात. आज्ञा केव्हा मोडावी, हे शिकविणे मला सर्वांत अवघड वाटते.

पिल्लूपणी वर्षभर तो एखाद्या कुटुंबात वाढतो, मग कित्येक महिने शिकतो. साज उतरला की तो इतर कुत्र्यांसारखाच बागडतो. अंगावर असेपर्यंत त्याला कुरवाळू नये, खाऊ देऊ नये. त्याचे लक्ष ढळले तर ठेच लागते ती धन्याला.

आपल्या देशात असे कुत्रे अजून फारच थोडे आहेत. शिक्षण लांबलचक व खर्चाचे, रस्त्यांना पदपथ नाहीत, आणि मोकाट कुत्री अंगावर धावून येतात. म्हणून बहुतेक अंधांचा आधार पांढरी काठीच. शिवाय देवस्थानाच्या दारी आणखी एक अडचण उभी राहते. दत्ताच्या तसबिरीत पायांशी चार कुत्रे असतात. तरी देवळापाशी कुत्रा दिसला की आपण 'हाड हाड' करून उठतो!

इंग्लंडातील लेस्टर शहरी ही अडचण २००८ साली साधेपणाने सुटली. तेथील एका मशिदीने अंध तरुणाच्या कुत्र्याला आत येऊ दिले. प्रार्थनेच्या जागी तो जाणार नव्हता. प्रवेशद्वारापाशी त्याला बसावयास जागा ठरवून दिली. तेवढ्याने धर्माचा नियम राहिला आणि तो तरुणही नमाजाला जाऊ शकला. आपल्या यात्रेत पाणपोईमागे सावलीत एक गोणपाट अंथरले, तर धन्याचे पाणी वाटून होईपर्यंत असा कुत्रा तेथे निमूट पडून राहील.