पडदा सुटतो तेव्हा डोळा दुखत नाही

"दुखत नाही ना? मग बघू दिवाळीनंतर." डोळ्यापुढे अचानक काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडतोय, कडेला विजा चमकतायत, असं सांगणाऱ्याला घरोघरी हेच ऐकावं लागतं. दुखणार कसं? रेटिनाला, म्हणजे दृष्टिपटलाला, वेदना कळतच नाही. वयानुसार डोळ्यातला जेलीसारखा काचद्रव आक्रसतो, रेटिनाला ओढतो आणि कधीकधी फाडतो. त्या भोकातून पाणी मागे शिरलं, की ओल धरलेल्या भिंतीचा पोपडा सुटावा तसा पडदा सुटत जातो. मागच्या थराकडून मिळणारं पोषण तुटतं आणि प्रकाश टिपणाऱ्या पेशी मरू लागतात. हे सगळं बिनबोभाट. दुसरा डोळा सांभाळून घेतो, म्हणून एका बाजूने सावली चढतेय हेही उशिरा कळतं. (एकेक डोळा झाकून बघा, एवढं तरी करा!) मधला भाग, मॅक्युला, सुटण्याआधी शस्त्रक्रिया झाली तर नजर बहुधा वाचते. तो सुटल्यावर पडदा परत बसला, तरी पूर्वीसारखं दिसेलच असं नाही. इथे एकेक दिवस मोलाचा असतो आणि आपण मुहूर्त शोधतो.

"थेंबांनी चिकटेल" हे दुसरं समाधान. थेंब भोक बुजवत नाहीत. भोक बुजवल्याशिवाय पडदा बसत नाही, हे स्वित्झर्लंडच्या ज्यूल गोनँ यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिलं. तोवर हा आजार जवळपास असाध्य मानत. आज नुसतं भोक असेल तर लेसर पुरतो. पडदा सुटला असेल तर बाहेरून सिलिकॉनचा पट्टा बसवतात, किंवा काचद्रव काढून आत वायू वा सिलिकॉन तेल भरतात. पहिल्याच शस्त्रक्रियेत दहापैकी साधारण आठ-नऊ जणांचा पडदा बसतो.

मोतीबिंदू असेल, पिकू दे? मोतीबिंदूत विजा चमकत नाहीत. चष्म्याच्या दुकानात नंबर तपासून हे कळत नाही. बाहुली मोठी करूनच पडदा पाहावा लागतो. लेसरने नंबर घालवला तरी मोठ्या मायनस नंबरवाल्यांचा धोका जात नाही, कारण डोळा लांबट तो लांबटच. नेत्रदानातून बुबुळ मिळतं, पडदा नाही. आणि डोळ्यात वायू असेपर्यंत विमानप्रवास बंद: उंचीवर वायू फुगतो, डोळ्यातला दाब वाढतो. महाबळेश्वरचा घाटसुद्धा डॉक्टरांना विचारूनच चढा.