छोट्या बाईकवर सामान कुठे बांधायचं?

100-125 सीसीच्या बाईकवरून मालवणला निघालात? कोल्हापूरकडून येत असाल तर फोंडा घाट उतरून कणकवली, कसाल, कट्टा, चौके आणि मग मालवण. घाटातल्या उतारावर, वळणांवर सामान किती आहे याइतकंच ते कुठे बांधलंय हेही महत्त्वाचं ठरतं.

असं का?
मागच्या चाकाच्या मधोमध असलेल्या आसाच्याही मागे वजन ठेवलं, तर ते तरफेसारखं पुढचं चाक उचलू पाहतं. पुढचं चाक हलकं झालं की हँडल डगमगतं, वळणावर पकड कमी होते. म्हणून पाणी, पाने-स्क्रूड्रायव्हर अशा जड वस्तू सीटच्या दोन्ही बाजूंच्या बॅगांत, खाली आणि सारख्या वजनाने भरा. बॅग सायलेन्सरला टेकू देऊ नका. कॅरियरवर फक्त कपडे ठेवा. हँडलला पिशवी अडकवू नका.

किती वजन चालेल?
बाईकच्या पुस्तिकेत मर्यादा दिलेली असते. त्यात तुमचं, मागे बसणाऱ्याचं आणि सामानाचं, सगळं वजन धरलेलं असतं. टायरमधली हवाही पुस्तिकेप्रमाणेच, टायर थंड असताना भरा.

पावसाळ्यात काय?
कपडे आधी प्लास्टिकच्या पिशवीत, मग बॅगेत. रेनकोट मात्र सगळ्यात वर, पटकन हाताला लागेल असा.

आणि दोरी?
मोकळं टोक चेनमध्ये गेलं तर मागचं चाक जाम होऊ शकतं. टोकं खोचून टाका. निघाल्यावर 5-10 किलोमीटरवर थांबून गाठी तपासा. घाट उतरण्याआधी पुन्हा एकदा.