‘असंखेय्य’ या संख्येचे गणित

बोधिसत्ताने चार असंखेय्य आणि एक लक्ष कप्प इतका काळ पारमिता पूर्ण केल्या, असे जातकट्ठकथेच्या निदानकथेत सांगितले आहे. हर्सूलच्या विहारात पाली शिकणारे उपासक येथे एक शंका विचारतात : असंखेय्य म्हणजे अनंत असेल, तर वर एक लक्ष कशासाठी? शंका रास्त आहे. अनंतात एक लक्ष मिळविल्याने काहीच वाढत नाही.

‘जे मोजता येत नाही ते’ हा या शब्दाचा व्युत्पत्त्यर्थ होय. परंतु कच्चायन व्याकरणाच्या परंपरेत ते एका निश्चित संख्येचे नाव आहे. कोटीपासून आरंभ करून दर पायरीस कोटीने गुणावयाचे. कोटि, पकोटि, कोटिप्पकोटि, नहुत, निन्नहुत, अक्खोहिणी, बिंदु, अब्बुद, निरब्बुद, अहह असे चढत गेले की विसाव्या पायरीवर असंखेय्य येते. प्रत्येक पायरीस सात शून्ये वाढतात; म्हणजे एकावर १४० शून्ये.

या संख्येचे गुणधर्म आपण कागदावर पडताळू शकतो. तिच्यात १४१ अंक आहेत. २ आणि ५ हेच तिचे मूळ अवयव असून प्रत्येक १४० वेळा येतो. त्यामुळे तिचे विभाजक १४१ गुणिले १४१, म्हणजे १९,८८१ भरतात. दहाव्या पायरीवरील अहह (७० शून्ये) या संख्येस तिनेच गुणले की असंखेय्य मिळते. अर्थात ती पूर्ण वर्ग आहे. १४० ला ३ ने निःशेष भाग जात नाही, म्हणून ती पूर्ण घन नाही. जिचे विभाजक मोजता येतात, तिला अनंत कसे म्हणावे?

अब्बुद, निरब्बुद, अहह, उप्पल, पदुम ही नावे कोकालिक सुत्तात निरयांची म्हणून येतात. तेथे वीस खारी तिळांच्या राशीतून दर शंभर वर्षांनी एक तीळ उचलण्याचा दृष्टान्त असून पुढील प्रत्येक निरय आधीच्याच्या वीसपट सांगितला आहे. म्हणजे नावे तीच, पण गुणक निराळा : व्याकरणात कोटी, सुत्तात वीस. संयुत्त निकायाची अट्ठकथा तर स्पष्ट सांगते की अब्बुद नावाचा स्वतंत्र निरय नाही. अवीचीतील काळाच्या गणनेवरून ते नाव पडले आहे.

‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धवचन ओळखण्यासाठी विवेक व तर्कसंगती ही कसोटी दिली आहे. प्रचंड संख्यांनी दिपून जाणे किंवा निरयाच्या नावांनी भयभीत होणे त्या कसोटीस उतरत नाही. अशा शब्दांपुढे हात जोडण्यापूर्वी तो शब्द कोणत्या ग्रंथात, कोणत्या गुणकाने आला आहे, एवढे आपण अवश्य पाहावे.