अंगणांतील दवणा

पंचतंत्र वाचलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यास करटक व दमनक हे दोन कोल्हे ठाऊक असतात. परंतु दमनक हें एका झाडाचेंही नांव आहे, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. संस्कृतांतील दमनक तोच आपला दवणा. चैत्र शुद्ध द्वादशीस विष्णूला व चतुर्दशीस शिवाला तो वाहण्याचा विधि आहे. त्यास दमनोत्सव म्हणतात. कोल्हापुराजवळच्या जोतिबाच्या डोंगरावर चैत्री पौर्णिमेच्या यात्रेंत गुलाल-खोबऱ्याइतकाच दवण्याचा मान असतो. असें असूनही आज शहरांतील अनेक घरीं दवणा म्हणजे बाजारांतून आणलेल्या दोन काड्या, एवढेंच उरलें आहे. तो घरीं लावणें अवघड नाहीं. म्हणून आमचा अनुभव येथें देतों, आणि त्यासोबत आमच्या हातून घडलेली एक चूकही सांगतों.

दवण्याची लागवड पंचांगाशीं जुळणारी आहे. कार्तिकांत बीं पेरलें म्हणजे फाल्गुनाच्या सुमारास झाड फुलावर येतें व चैत्रांत देवाच्या उपयोगीं पडतें. बीं धुळीसारखें बारीक असतें. तें फडक्याच्या पुरचुंडींत बांधून ४८ तास ओलें ठेवावें, मग बारीक वाळूंत मिसळून वाफ्यांत किंवा पसरट कुंडींत विरळ पेरावें. वर चाळलेली माती नुसती भुरभुरावी आणि झारीनें हलकेंच पाणी द्यावें. सुमारें सहा आठवड्यांनीं रोपें काढून ६ इंचांच्या ओळींत ३-३ इंचांवर लावावीं. निचऱ्याची तांबडी माती, थंडीचे दिवस आणि मोकळें ऊन मिळालें कीं झाड दीड-दोन फूट वाढतें. पाणी सांचलेलें मात्र त्यास मुळींच सोसत नाहीं.

मुख्य गोष्ट बियांची. पहिल्या वर्षीं आमचा वाफा कोराच राहिला. माती बदलली, पुन्हां पेरलें, तरी एक अंकुर दिसेना. शेवटीं एका वृद्ध माळ्यानें विचारलें, "मास्तर, बीं कोणत्या सालचें?" तें दोन वर्षांचें जुनें होतें! दवण्याची उगवणशक्ति फार काळ टिकत नाहीं; गेल्या हंगामाचेंच बीं हवें. यासाठीं दर वर्षीं चार-सहा झाडें न तोडतां वाळूं द्यावीं आणि बीं झाडून पुडींत ठेवावें. एक-दोन वर्षें हयगय झाली कीं तो वाण घरांतून गेलाच म्हणून समजावें.

देवपूजेखेरीज दवण्याचे उपयोग सुगंधाचे. बायका तो वेणींत गुंफतात. वाळलेल्या काड्या कपड्यांच्या पेटींत ठेवल्यास वस्त्रांस मंद वास येतो. त्याचें तेल अत्तराच्या धंद्यांत वापरतात, व त्यांतील मुख्य द्रव्यास रसायनशास्त्रज्ञांनीं दवण्यावरूनच 'दवानोन' असें नांव दिलें आहे.

आतां आमची चूक. दवण्याचें कुळ 'आर्टेमिसिया'. युनानी वैद्यकांतील अफसंतीन आणि जंतांवर देत तो किरमाणी ओवा हे त्याचेच भाऊबंद. त्याच कुळांतील एका चिनी वनस्पतीपासून तू यूयू या विदुषीनें १९७२ सालीं हिंवतापावरील औषध वेगळें काढलें व २०१५ सालीं तिला नोबेल पारितोषिक मिळालें. ती वार्ता वाचून आम्हांस मोठा अभिमान वाटला. पुढच्याच भाद्रपदांत आमच्या सात वर्षांच्या नातवास थंडी वाजून ताप भरला. सूनबाई पहिल्याच सायंकाळीं म्हणाल्या, "मामंजी, रक्त तपासून घेऊं या." आम्हीं निघंटूंतील दमनकाचे गुण सांगून त्यांना गप्प केलें व मुलास दवण्याचा काढा दिला. घरांत वडिलांच्या शब्दापुढें कोण बोलणार? तिसऱ्या दिवशीं मूल ग्लानींत गेलें, तेव्हां डॉक्टरांकडे धांवलों. रक्तांत हिंवतापाचे जंतु निघाले. योग्य औषधानें मूल बरें झालें; पण तीं दोन रात्रीं सूनबाईंनीं कशा काढल्या, हें आम्हांस मागाहून समजलें.

चूक एकेरी नव्हती. कुळ एक असलें तरी दवणा म्हणजे ती चिनी वनस्पति नव्हे. शिवाय उष्णतेनें गुण नासतो असें दिसल्यावरच तू यूयूनें उकळणें सोडून थंड पद्धतीनें अर्क काढला होता. आम्ही तर पाव शेर पाणी आटवीत बसलों होतों! त्या खऱ्या वनस्पतीचा काढासुद्धां हिंवतापावर घेऊं नये, असें जागतिक आरोग्य संघटनेचें सांगणें आहे. कारण त्यांतील औषधाचें प्रमाण अनिश्चित असतें. अफसंतीनांतील थुजोन नांवाचें द्रव्य तर अति झाल्यास झटके आणतें.

तेव्हां वाचकांस विनंति एवढीच कीं, दवणा अवश्य लावावा, देवास वाहावा, वेणींत माळावा. परंतु थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशीं रक्त तपासावें, आणि तें सुचविणारी व्यक्ति वयानें लहान असली तरी तिचें ऐकावें. आमच्या घरीं दवण्याच्या बियांची पुडी आतां सूनबाईंच्या स्वाधीन आहे. तिच्यावर साल लिहावयास त्या कधीं विसरत नाहींत.