विद्युत् घटमाला उद्योग : शिशाचे पुनर्चक्रीकरण व उत्पादकाची जबाबदारी

रासायनिक ऊर्जेचे विद्युत् ऊर्जेत रूपांतर करणाऱ्या साधनाला विद्युत् घट म्हणतात आणि असे अनेक घट एकत्र जोडून तयार केलेल्या संचाला विद्युत् घटमाला किंवा रूढ भाषेत बॅटरी असे म्हणतात. पुन:पुन्हा विद्युत् भारित करता येणाऱ्या घटमालांपैकी शिसे-अम्ल घटमाला ही सर्वांत जुनी असून मोटारगाड्या, ट्रॅक्टर, वीज केंद्रे, दूरध्वनी केंद्रे आणि घरगुती इन्व्हर्टर यांत ती आजही मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. या घटमालेतील जवळजवळ सर्व शिसे परत मिळवून त्यापासून नवी घटमाला बनविता येते. या दृष्टीने निरंतर चालू शकणाऱ्या उद्योगांत या उद्योगाची गणना व्हावयास हवी. परंतु हेच शिसे अयोग्य रीतीने गाळले गेल्यास कामगार, परिसरातील मुले, माती व पाणी यांना दीर्घकाळ टिकणारा अपाय होतो. यांपैकी कोणती गोष्ट घडेल हे जुनी घटमाला कोणाच्या हाती जाते यावर अवलंबून असते. म्हणून या उद्योगातील नेतृत्वाची कसोटी विक्रीपेक्षा परत घेण्याच्या व्यवस्थेत लागते.

रचना व कार्य : शिसे-अम्ल घटाचा शोध फ्रेंच भौतिकीविज्ञ गास्ताँ प्लांते यांनी १८५९ मध्ये लावला. कामीय फोर यांनी १८८१ मध्ये शिशाच्या पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडाचा लेप देण्याची पद्धत काढल्यावर घटाची क्षमता वाढली व त्याचे कारखान्यात उत्पादन करणे सुकर झाले. घटाचे धनाग्र लेड डाय-ऑक्साइडाचे व ऋणाग्र सच्छिद्र शिशाचे असून दोन्ही अग्रे विरल सल्फ्यूरिक अम्लात बुडविलेली असतात. घट वीज पुरवीत असताना दोन्ही अग्रांवर लेड सल्फेट तयार होते व अम्ल अधिक विरल होते. उलट दिशेने वीज दिल्यास मूळ पदार्थ पुन्हा निर्माण होतात. एका घटाचा विद्युत् दाब सु. २ व्होल्ट असल्याने मोटारगाडीतील १२ व्होल्ट घटमालेत सहा घट असतात. वारंवार वापराने लेप सुटा होऊन गळतो, जाळ्या गंजतात आणि लेड सल्फेटाचे कठीण स्फटिक तयार होतात. त्यामुळे काही वर्षांनी घटमाला निकामी होते. अशा घटमालेच्या वजनापैकी सु. ६०% भाग शिसे व त्याची संयुगे यांचा असतो.

महाराष्ट्रातील उद्योग : ब्रिटनमधील क्लोराइड कंपनीने भारतात प्रथम घटमालांची आयात केली. पश्चिम बंगालमधील श्यामनगर येथे १९४६ मध्ये तिचा कारखाना उभा राहिला व १९४७ मध्ये असोसिएटेड बॅटरी मेकर्स (ईस्टर्न) लिमिटेड ही कंपनी नोंदविण्यात आली. कंपनीचा दुसरा कारखाना १९६९ मध्ये पुण्याजवळ चिंचवड येथे निघाला. १९७२ मध्ये तिचे नाव क्लोराइड इंडिया व १९९५ मध्ये एक्साइड इंडस्ट्रीज असे झाले. १९९८ मध्ये तिने स्टँडर्ड बॅटरीज या कंपनीचे कारखाने विकत घेतले. त्यांत मुंबईतील कांजूरमार्ग व रायगड जिल्ह्यातील तळोजे येथील कारखाने होते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथेही कंपनीचा कारखाना आहे. अशा रीतीने पुणे, रायगड व अहिल्यानगर हे जिल्हे या उद्योगाची महत्त्वाची केंद्रे बनले.

नाशिक परिसर : नाशिक जिल्हा हा घटमालांच्या वापराचा एक मोठा प्रदेश आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या सातपूर व अंबड या वसाहतींत मोटारगाड्या, त्यांचे सुटे भाग आणि विद्युत् सामग्री यांचे कारखाने आहेत. एकलहरे येथील औष्णिक वीज केंद्रासारखी केंद्रे व विजेची उपकेंद्रे यांना रक्षक उपकरणे चालू ठेवण्यासाठी सामान्यतः ११० किंवा २२० व्होल्ट दाबाच्या घटमाला सतत सज्ज ठेवाव्या लागतात. द्राक्षे व कांदा पिकविणाऱ्या तालुक्यांतील ट्रॅक्टर व मालमोटारी, तसेच भारनियमनाच्या काळात घरोघरी व दुकानांत आलेले इन्व्हर्टर यांमुळे खेडोपाडीही घटमाला पोहोचल्या. या सर्व काही वर्षांनी भंगारात निघतात. सातपूर-अंबड परिसरातून वाहणारी नासर्डी (नंदिनी) नदी गोदावरीस मिळते. त्यामुळे येथील गटारात ओतलेले अम्ल वा शिसेयुक्त गाळ तेथेच न थांबता नदीच्या दिशेने जाऊ शकतो. घटमाला दुसऱ्या जिल्ह्यात तयार झाली, तरी तिच्या अखेरच्या अवस्थेचा प्रश्न वापर होणाऱ्या गावाचाच असतो.

पुनर्चक्रीकरणाची पद्धती : योग्य सोयी असलेल्या कारखान्यात जुनी घटमाला बंदिस्त यंत्रात फोडली जाते. अम्ल वेगळे काढून त्याचे उदासिनीकरण करतात किंवा ते शुद्ध करून पुन्हा वापरतात. तुकडे पाण्यात सोडल्यावर पॉलिप्रोपिलीनचे हलके कवच तरंगते व शिसे तळाशी बसते. कवचापासून पुन्हा पेट्या बनवितात. लेपातील लेड सल्फेटावर सोडियम कार्बोनेटाची विक्रिया करून गंधक काढून टाकता येते, त्यामुळे भट्टीतून बाहेर पडणारा सल्फर डाय-ऑक्साइड वायू कमी होतो. नंतर फिरत्या भट्टीत कार्बनाच्या साहाय्याने क्षपण करून शिसे मिळवितात व कढईत वितळवून ते शुद्ध करतात किंवा त्यात इतर धातू मिसळून जाळ्यांसाठी मिश्रधातू बनवितात. भट्टीतील धूर थंड करून कापडी पिशव्यांच्या गाळणीतून नेतात आणि त्यात अडकलेली शिशाची धूळ पुन्हा भट्टीत घालतात. धातुमळीची विल्हेवाट सुरक्षित भरावक्षेत्रात करावी लागते. खनिजापासून शिसे मिळविण्यास जेवढी ऊर्जा लागते, तिच्या सु. एक-तृतीयांश ऊर्जेत हे काम होते. जगातील शिशाच्या एकूण उत्पादनापैकी निम्म्याहून अधिक शिसे आज अशा रीतीने भंगारातूनच मिळते.

शिशाचा अपाय : शिसे ३२७° से. इतक्या कमी तापमानाला वितळते. त्यामुळे साधी भट्टी, कोळसा व पंखा एवढ्या साधनांवर ते गाळणे शक्य असते आणि हाच या धातूचा धोकाही आहे. उघड्यावर घटमाला फोडताना अम्ल जमिनीत मुरते. भट्टीतील सूक्ष्म धूळ आसपासच्या घरांवर, पिकांवर व अंगणात बसते. शरीरात गेलेले शिसे हाडांत साठून राहते. त्याने रक्तक्षय, पोटदुखी, मज्जातंतूंचे विकार व मूत्रपिंडाचे रोग होतात. लहान मुले पोटात गेलेले शिसे प्रौढांच्या चार ते पाच पटींनी अधिक शोषून घेतात आणि त्यांच्या मेंदूच्या वाढीवर झालेला परिणाम भरून येत नाही. शिशाची कोणतीही पातळी निर्धोक मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या बालक निधीने (युनिसेफ) २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सु. ८० कोटी मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे असल्याचा अंदाज असून, घटमालांचे असुरक्षित पुनर्चक्रीकरण हे त्याचे एक प्रमुख कारण होय.

भंगाराचे अर्थकारण : जुनी घटमाला टाकून दिली जात नाही, तिला नेहमीच किंमत येते. परंतु धुराची गाळणी, सांडपाण्याची प्रक्रिया, कामगारांची वैद्यकीय तपासणी व कर यांचा खर्च अनधिकृत भट्टीवाला करीत नाही. साहजिकच तो भंगाराला अधिक भाव देऊ शकतो आणि नियम पाळणाऱ्या कारखान्यास कच्चा माल कमी पडतो. म्हणजे बाजारभावावरच सोडल्यास जुन्या घटमाला अधिक घातक मार्गाकडे वळतात. अनधिकृत भट्टी बंद केली, तरी भावातील ही तफावत कायम असेपर्यंत ती दुसरीकडे उभी राहते.

कायदे : शिशाच्या विषबाधेचा समावेश १९४८ च्या कारखाने अधिनियमात, शासनास कळविणे बंधनकारक असलेल्या व्यावसायिक रोगांत करण्यात आला होता. वापरलेल्या घटमालांसाठी केंद्र शासनाने २००१ मध्ये स्वतंत्र नियम केले. वाहन उत्पादक व घाऊक ग्राहक यांना केलेली विक्री वगळता, विकलेल्या नव्या घटमालांच्या तुलनेत पहिल्या वर्षी ५०%, दुसऱ्या वर्षी ७५% व तिसऱ्या वर्षापासून ९०% जुन्या घटमाला परत घेण्याचे आणि त्या केवळ नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांकडे पाठविण्याचे बंधन त्यांनी घातले. हे नियम शिसे-अम्ल घटमालांपुरतेच होते. त्यांची जागा २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी घेतली. नव्या नियमांत लिथियमसह सर्व प्रकारच्या घटमाला येतात व उत्पादकाची विस्तारित जबाबदारी हे त्यांचे मुख्य तत्त्व आहे. या तत्त्वानुसार वस्तू विकली गेली म्हणजे उत्पादकाची जबाबदारी संपली असे होत नाही. तिच्या अखेरच्या विल्हेवाटीचा भारही त्याच्यावरच राहतो.

व्यवस्थापनाचे नेतृत्व : नियम किमान मर्यादा सांगतात, त्यापुढील मार्ग कंपनीच्या संचालकांना ठरवावा लागतो. एक्साइड इंडस्ट्रीजने २००७ मध्ये पुणे जिल्ह्यातील मरकळ येथे कारखाना असलेली टंडन मेटल्स ही कंपनी व २००८ मध्ये बंगळुरूजवळील लेडेज अलॉइज ही कंपनी हाती घेतली. मरकळची कंपनी पुढे क्लोराइड मेटल्स या नावाने ओळखली जाऊ लागली. शिशाच्या आयातीवरील अवलंबन कमी करणे हा अशा निर्णयाचा व्यापारी लाभ आहे. परंतु ज्या भट्टीत जुने शिसे गाळले जाते, ती उत्पादकाच्या थेट नियंत्रणाखाली येणे हा त्याचा सामाजिक अर्थ होय. भट्टी स्वतःची झाल्यावर तिच्या धुराची जबाबदारी दुसऱ्यावर ढकलता येत नाही.

ही जबाबदारी न पेलल्यास काय होते, याचे उदाहरण अमेरिकेत सापडते. कॅलिफोर्नियातील लॉस अँजेल्सजवळ व्हर्नन येथे एक्साइड टेक्नॉलॉजीज ही जागतिक घटमाला उत्पादक कंपनी पुनर्चक्रीकरणाचा कारखाना चालवीत होती. नामसाम्य असले, तरी भारतीय कंपनीहून ती वेगळी आहे. अंतरिम परवान्यावर अनेक दशके चाललेला हा कारखाना शिसे व आर्सेनिक यांच्या प्रदूषणामुळे २०१५ मध्ये कायमचा बंद करण्यात आला. आसपासच्या हजारो घरांच्या अंगणातील माती तपासून ती बदलण्याचे काम हाती घ्यावे लागले. २०२० मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईत न्यायालयाने कंपनीला ती जागा सोडून देण्याची मुभा दिली आणि शुद्धीकरणाचा मोठा भार राज्याच्या तिजोरीवर पडला. आकाराने मोठी व तंत्रदृष्ट्या पुढारलेली कंपनी असणे ही सुरक्षिततेची हमी नव्हे, हे यावरून दिसून येते.

या उद्योगातील व्यवस्थापनाचे मूल्यमापन काही ठोस गोष्टींवरून करता येते : विकलेल्या घटमालांपैकी किती परत आल्या, जुन्या घटमालेच्या मोबदल्यात ग्राहकास दिली जाणारी सूट भंगाराच्या भावाशी टिकू शकते काय, विक्रेत्याने जमा केलेला माल अधिकृत भट्टीपर्यंत पोहोचल्याची नोंद आहे काय, कामगारांच्या रक्तातील शिशाची नियमित तपासणी होऊन पातळी वाढलेल्या कामगारास वेतन न गमावता दुसरे काम मिळते काय, कामाचे कपडे कारखान्यातच धुतले जातात काय. शेवटचा मुद्दा किरकोळ वाटला, तरी कपड्यांवरील धूळ घरी जाऊन मुलांच्या पोटात जाते.

लिथियम घटमाला : विजेवर चालणाऱ्या वाहनांसाठी लिथियम-आयन घटमालांचा प्रसार होत आहे. एक्साइडने त्यासाठी २०२२ मध्ये एक्साइड एनर्जी सोल्युशन्स ही उपकंपनी स्थापन करून बंगळुरू येथे कारखान्याची उभारणी हाती घेतली. या घटमालांत शिसे नसते. परंतु त्या फोडताना आग लागण्याचा धोका असतो. त्यांतील कोबाल्ट व निकेल यांना चांगली किंमत येते, मात्र लोह-फॉस्फेट प्रकारच्या घटांत हे धातू नसल्याने त्यांचे भंगार कमी किमतीचे ठरते. शिशाच्या बाबतीत भंगाराला असलेल्या किमतीमुळे घटमाला चुकीच्या हाती जातात, तर येथे किंमत नसल्यामुळे त्या बेवारस पडण्याची भीती आहे. कारणे परस्परविरुद्ध असली, तरी उपाय एकच राहतो. घटमाला ज्याने बनविली, त्याने ती परत घेण्याची सोय विक्रीच्या वेळीच केलेली असली पाहिजे आणि तिचा खर्च मूळ किमतीत धरलेला असला पाहिजे. तसे न झाल्यास हा खर्च नाहीसा होत नाही. भट्टीजवळ राहणाऱ्या कुटुंबांना तो आपल्या आरोग्याच्या रूपाने भरावा लागतो.