सीडीजेला लॅपटॉप दिसत नाही? आधी वायर, मग पत्ता, मग वॉचमन

आजच्या एपिसोडचा हा लेखी अवतार. व्हेन्यूवर उभं राहून घाईत वाचत असाल, तर सरळ पहिल्या पायरीवर उडी मारा.

एका श्रोत्याचा प्रश्न आला होता: "घरी कंट्रोलरवर सगळं मस्त चालतं. क्लबमध्ये सीडीजेला लॅन केबल जोडली की रेकॉर्डबॉक्समध्ये एकही प्लेअर दिसत नाही. साउंड चेकला जेमतेम २० मिनिटं मिळतात. काय करू?"

प्रश्न साधा नाही. सूट मिळालेले मोजके दिवस सोडले, तर उघड्यावरच्या कार्यक्रमात रात्री १० ला लाउडस्पीकर बंद करावा लागतो. सुरुवातीला वाया गेलेली २० मिनिटं शेवटी कोणी वाढवून देत नाही. आणि नवीन डीजेला त्या ठिकाणी परत बोलवायचं की नाही, हे बऱ्याचदा तिथेच ठरतं. म्हणून आज एकच गोष्ट सांगणार आहे: कुठल्या क्रमाने तपासायचं.

केबलमधून नक्की काय जातं?

पायोनियर डीजेच्या या व्यवस्थेचं नाव प्रो डीजे लिंक. लॅपटॉप, प्लेअर आणि मिक्सर एका छोट्या नेटवर्कवर येतात. इंटरनेटचा इथे काही संबंध नाही. प्रत्येक प्लेअर त्या नेटवर्कवर सतत ओरडत असतो, "मी प्लेअर २, इथे आहे!" रेकॉर्डबॉक्सने ते ऐकायचं आणि उलट ओ द्यायची. ओळख पटली की लॅपटॉपमधली गाणी पेन ड्राइव्हशिवाय थेट प्लेअरवर लोड होतात. याला लिंक एक्सपोर्ट म्हणतात.

म्हणजे "दिसत नाही" याचा अर्थ, कोणाला तरी कोणाचं तरी ऐकू येत नाहीये. स्पीडचा प्रश्न जवळपास कधीच नसतो. चांगल्या एमपी३ ला सेकंदाला ३२० किलोबिट लागतात आणि साधं लॅन १०० मेगाबिटचं असतं. तीनशे पट जागा आहे. त्यामुळे महागडी केबल आणून काही होत नाही, धड केबल हवी.

पायरी १: वायर

सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी लॅन पोर्टवरचा बारीक दिवा बघा. दिवा नाही, म्हणजे जोडणीच नाही. केबल दोन्ही टोकांना 'टक्' आवाज येईपर्यंत दाबा, मग केबल बदला, मग स्विचचा पोर्ट बदला. याच क्रमाने, एका वेळी एकच गोष्ट. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने चालू झालं ते कळत नाही, आणि परत बंद पडलं की पुन्हा शून्यापासून सुरुवात.

हल्लीच्या बारीक लॅपटॉपला लॅन पोर्ट नसतो, तेव्हा यूएसबी-सीचा अडॅप्टर लागतो. तो घरी एकदा लावून, ड्रायव्हर घेऊन, चालवून बघा. व्हेन्यूवर ड्रायव्हर डाउनलोड करायला नेट मिळेलच असं नाही.

स्विचऐवजी जुना वायफाय राउटर वापरला असेल, तर सगळ्या केबल त्याच्या लॅन पोर्टमध्येच आहेत ना ते बघा. वेगळ्या रंगाचा एकटा वॅन पोर्ट इथे वापरायचा नाही.

पायरी २: पत्ता

आता लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये इथरनेटचा आयपी पत्ता बघा. १६९.२५४ ने सुरू होतोय? घाबरू नका. ऑफिसमध्ये असा पत्ता दिसला की नेटवर्क बिघडलं असं आपण धरतो. इथे ते ठीक आहे. पत्ते वाटणारा राउटर नसला की प्रत्येक उपकरण या गटातला एक पत्ता स्वतःच घेतं. त्यासाठी लॅपटॉपला अर्धा-एक मिनिट लागू शकतं. तेवढा धीर धरा, केबल काढ-घाल करू नका. दर वेळी तो मोजणी पहिल्यापासून सुरू करतो.

गडबड होते ती दोन गट पडल्यावर. तुम्ही कधीकाळी लॅपटॉपला १९२.१६८ वाला पत्ता हाताने टाकलेला असतो आणि प्लेअर बसलेत १६९.२५४ मध्ये. एकाच बिल्डिंगमध्ये राहून वेगवेगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असल्यासारखं! उपाय: पत्ता 'ऑटोमॅटिक'वर ठेवा. राउटर वापरत असाल तर तो आधी चालू करा, बाकीचं नंतर.

याच पायरीवर वायफाय आणि व्हीपीएन बंद करा. लॅपटॉपला दोन-तीन नेटवर्क दिसली की रेकॉर्डबॉक्स भलत्याच दारात वाट बघत बसू शकतं. वायफाय बंद म्हणजे स्ट्रीमिंगची गाणीही बंद, हे लक्षात ठेवा. सेटमधली गाणी डिस्कवर हवीत.

पायरी ३: दारावरचा वॉचमन

दिवा आहे, पत्ता जुळतोय, तरी प्लेअर दिसत नाही? मग फायरवॉल. विंडोज अशा अनोळखी नेटवर्कला 'पब्लिक' समजतं आणि बाहेरून आलेल्या हाका आत सोडत नाही. फायरवॉलच्या परवानगी यादीत रेकॉर्डबॉक्ससमोर प्रायव्हेट आणि पब्लिक, दोन्ही खुणा करा. मॅकवर सिकोया किंवा त्यानंतरची सिस्टीम असेल, तर प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये 'लोकल नेटवर्क'ची परवानगी वेगळी द्यावी लागते. पहिल्यांदा विचारलं तेव्हा घाईत 'नको' दाबलं असेल, तर ते तिथेच अडकलेलं असतं.

ऑफिसचा लॅपटॉप गिगला नेऊ नका. त्यावरची फायरवॉल आयटीवाल्यांच्या हातात असते, आणि शनिवारी रात्री ते तिकीट उचलणार नाहीत.

पायरी ४: आता ॲप

रेकॉर्डबॉक्स एक्सपोर्ट मोडमध्ये आहे का? घरी कंट्रोलरवर वाजवणारे परफॉर्मन्स मोडमध्ये असतात, आणि लिंक एक्सपोर्ट तिथे नसतं. आमच्या श्रोत्याने हे आधी बघावं. मग प्लेअरचे क्रमांक तपासा. दोघांनाही २ नंबर दिला असेल तर भांडण होणारच.

थांबायचं कधी?

चारही पायऱ्या मिळून १० मिनिटं द्या. नाही जमलं, तर सोडून द्या आणि पेन ड्राइव्ह लावा. तोच सेट रेकॉर्डबॉक्समधून आदल्या रात्री दोन पेन ड्राइव्हवर एक्सपोर्ट करून ठेवायचा. नुसत्या फाइल कॉपी करू नका, नाहीतर क्यू पॉइंट आणि प्लेलिस्ट मागेच राहतील. लिंक जुळलं तरी एक पेन ड्राइव्ह प्लेअरला लावून ठेवा. गाणं चालू असताना केबल निसटली, तर बरेच प्लेअर चार बीट्सचा लूप फिरवून वेळ मारून नेतात. तेवढ्यात दुसऱ्या डेकवर पेन ड्राइव्हवरचं गाणं चढवता येतं.

समोर नाचणाऱ्यांना गाणं लॅनमधून आलं की पेन ड्राइव्हमधून, याच्याशी काही देणंघेणं नसतं. त्यांना फक्त शांतता कळते.

पुढच्या गिगच्या आधी या चार पायऱ्या घरी एकदा करून बघा, आणि कुठल्या पायरीवर अडलात ते आम्हाला कळवा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!